हरायला सांगितलेला सामना

धारा काढून झाल्या, डेअरीला दूध घालून आले, भाकरी थापल्या, तरी काल सकाळी लेक गप्पच. ती कॉलेजच्या कबड्डी संघात चढाई करते. सामन्याच्या दिवशी एवढी गप्प कधी नसते.

मैदानावर बघते तर ती चढाईला जायची आणि कुणाला हात न लावता परत यायची. मला वाटलं, पाय दुखावला. संघ हरला आणि त्यांचे कबड्डीचे सर हसत होते.

"अवो मावशी, हरलो म्हणून वाचलो की! गटात पहिलं आलो असतो तर सेमीफायनलला रँकिंगमधला एक नंबरचा संघ गळ्यात पडला असता. दुसरं आलो, आता सोपा संघ हाय."

"आणि गडहिंग्लजच्या पोरी?" त्या आमच्याच गटातल्या; आम्ही समोरच्या संघाला हरवलं असतं तर तो मागं पडून त्या पुढं गेल्या असत्या. कोपऱ्यात रडत पिशव्या भरत होत्या.

"सगळं नियमात बसतंय, मावशी."

आमचे मालक असते तर तिथंच भांडले असते. ते गेले, तरी अशा वेळी मी अजून शेजारी बघते.

घरी लेक म्हणाली, "आई, सरांनीच सांगितलं व्हतं."

आता मागच्या वर्षी लेकीच्या संघानं जिंकलेल्या कपावरही संशय येतोय. तुमच्या मुलांना असं कुणी सांगतं का? विचारून बघा.

सेमीफायनल उद्या आहे. आज सकाळी मी लेकीला घेऊन एसटीनं गडहिंग्लजला गेले आणि तिथल्या संघाच्या कॅप्टनसमोर, त्या पोरीच्या आईच्या देखत, लेकीला सगळं खरं सांगायला लावलं.