तारूच्या नावाचे चिंचोके

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसली की ते आपोआप साठतात, स्वयंपाकघरात बिनडब्याची झाकणं साठतात तसे!

आमची खोली म्हणजे त्रिमूर्तीनगरातला नलूताईंचा हॉल. नलूताई रिटायर्ड नर्स. प्रफुल्लभाऊंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वंदना शाळेत गणित शिकवते आणि जादूच्या राज्याची कादंबरी लिहिते. दर रविवारी एक प्रकरण वाचून दाखवते. मी काहीच करत नाही. ऐकते आणि नावं ठेवते.

तोंडाने नावं ठेवली की भांडणं होतात, म्हणून मधोमध स्टीलची वाटी असते. पात्र डोक्यात गेलं की गुपचूप वाटीत चिंचोका टाकायचा. आम्हा तिघांचेही पडले की पुढच्या रविवारी ते पात्र मेलं!

आता गंमत बघा. त्या राज्यात विष घालणारा प्रधान आहे, माणसं गिळणारा राक्षस आहे. त्यांच्यावर आजवर एक चिंचोका पडला नाही. पडतात ते सगळे तारूवर. तारू म्हणजे गोड, भोळी पोर. कोणी हाक मारली की निघाली! आणि तिच्यावर पहिला चिंचोका नेहमी नलूताईंचा. तिघांचे एकाच रविवारी अजून पडले नाहीत, म्हणून ती जिवंत.

*

एकदा तारूने जंगलातल्या अनोळखी म्हातारीच्या हातचं फळ खाल्लं. का खाल्लं? तर म्हणे, तिचा चेहरा चांगला होता. प्रफुल्लभाऊंनी चिंचोका असा आपटला की तो उडून माझ्या चहात पडला. एवढं बावळट कोणी असतं का, म्हणून ते तासभर बडबडत होते.

त्याच आठवड्यात दुकानात एक माणूस आला, आपण नरखेडच्या पाटलांकडून आलो म्हणाला आणि पाटलांच्या विहिरीवरची मोटार घेऊन गेला. संध्याकाळी खुद्द पाटील आले! भाऊंनी डोकं धरलं.

"पण मानसाचा चेहरा चांगला होता ना गा!"

*

वंदनाने तारूची प्रकरणं मोबाईलच्या एका ॲपवर टाकली. तिथले वाचक आमच्याहून जहाल. एकीने लिहिलं, राक्षस चालेल, पण ही बया नको. वंदना दोन दिवस जेवली नाही.

मग तिने तारूला शहाणं केलं. नव्या प्रकरणात तारू साधूलाही दाराबाहेर उभं करून गाव विचारते, गुरू विचारते. आम्ही ऐकत होतो. मी जांभई दिली. वाटी रिकामीच राहिली. शेवटी प्रफुल्लभाऊ म्हणाले, "हिले पयलेसारखीच कर. मले भेवच नाही लागून राहिलं."

त्या दिवशी मला कळलं की आमची चीड म्हणजे निव्वळ भीती होती. माझी तरी होती.

*

आणि भीती आमच्या खोलीतच येऊन बसली. नलूताईंचा सोहम चांगला शिकलेला पोरगा, पण मोबाईलवर ओळख झालेल्या कुण्या सरांच्या शब्दावर नोकरीसाठी परदेशी गेला. जाताना म्हणाला, "सर भलते चांगले आहेत वं आई." आधी रोज फोन यायचा, मग आठवड्याने, मग बंदच झाला. ताईंनी पोलिसांत अर्ज दिला, सगळीकडे चकरा मारल्या. पत्ता नाही.

अनोळखी नंबर उचलू नका, हे आम्हाला ताईंनीच शिकवलं होतं. आता वाटीशेजारी त्यांचा मोबाईल असतो. मागे एका रविवारी वाचन चालू असताना तो वाजला आणि ताईंनी झडप घालून उचलला. लोन विकणारी मुलगी होती. ताई तिच्याशी नीट बोलल्या, तिला जेवली का विचारलं. मी म्हटलं, काहून बोलता ताई असल्यांशी?

"त्या पोरीलेही कोनं फसवून बसवलं असंन तिथं, काय सांगता येते?"



*

गेल्या रविवारचं सांगते. नव्या प्रकरणात एक नावाडी तारूला म्हणाला, चल, पलीकडे राजवाड्यात तुला काम देतो. तारू बसली नावेत. नाव वळणाआड गेली, काठ दिसेनासा झाला आणि नावाडी गाणं म्हणायचा थांबला.

प्रफुल्लभाऊंचा चिंचोका पडला. मीही टाकला. राहिला ताईंचा. त्यांची मूठ मिटलेलीच. वंदना वाचायची थांबली.

ताईंनी वाटीत हात घातला, आमचे दोन्ही चिंचोके काढून घेतले आणि आपल्या मुठीत धरले.

"तिले मारू नको वं. नाव वापस फिरव."

वंदना हळूच म्हणाली, "ताई, पुढचं अजून लिहिलंच नाही मी."

"मंग इथंच बसून लिही. ती काठाले लागेपरेंत मी कोनाले उठू नाही देनार."

आणि त्यांनी उठून दाराला आतून कडी घातली.