ठाण्याच्या आवारातला तास

माझा नवरा घरी परत आला तो कायदेवाल्या बाईंमुळे. माझ्यामुळे नाही. मी तर काम बिघडवूनच ठेवलं होतं.

बाई जबलपूरच्या लॉ कॉलेजात शिकवत; मूळच्या माझ्याच मुलखातल्या. मी तिथल्या होस्टेलात पोळ्या करते. यवतमाळहून लग्न होऊन इकडे आले. शाळा सातवीतच सुटली. बाईंना हळू आवाजात बोलणं जमतच नसे. जेवणाच्या रांगेतसुद्धा एखाद्या पोराला अडवत, "कोणत्या कलमाखाली चौथी पोळी घेऊन राहिला रे?"

जबलपूरच्याच गढा भागातल्या एका गोदामात चोरी झाली. तिथे हमाली करणाऱ्या माझ्या नवऱ्याला सकाळी पोलीस घेऊन गेले. मी धावत ठाण्यावर गेले. शिपायाने कोरा कागद पुढे केला, "दस्तखत कर, छोड़ देंगे." मी सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवरा आतच. तेव्हा बाईंना सांगितलं.

"कोऱ्या कागदावर सही? काहून?"

"भीती वाटली, मॅडम."

"भीती वाटू दे. सही नाही करायची."

मग मलाच अर्ज लिहायला बसवलं. कोऱ्या कागदाचंही त्यात लिहायला लावलं. तुम्हीच लिहा, माझ्या चुका होतात, म्हटलं तर म्हणाल्या, "नवरा तुझा, अर्ज तुझा. चुका राहू दे."

आणि मला नि वर्गातली सगळी पोरं घेऊन त्या थेट ठाण्याच्या आवारात. "सांगा, धरलेल्या माणसाला चोवीस तासांत कोर्टापुढे न्यायचं, ते तास कुठून मोजायचे? कागदावर अटक दाखवली तिथून, की माणूस उचलला तिथून?"

"उचलला तिथून!" पोरं ओरडली.

साहेब बाहेर आले. "मॅडम जी, ये थाना है, क्लासरूम नहीं."

"थाना है, इसीलिए तो लाई हूँ. किताब पर इन्हें यक़ीन नहीं आता."

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का पडेपर्यंत बाई हलल्या नाहीत. तासाभरात नवरा लंगडत बाहेर आला.

पंधरवड्यात बाईंना निलंबित केलं. परवानगीशिवाय मुलं बाहेर नेली म्हणे. त्या कपाट रिकामं करत होत्या, मी रडत होते. डाफरल्या, "रडून काय राहिली? मी भांडून राहिली ना!"

आता चौकशी बसली आहे. त्या दिवशी कुणाला धरलंच नव्हतं, बाईंनी तमाशा केला, असं कॉलेज म्हणतं. पोरं परीक्षेच्या धाकाने गप्प. माझी भाकरीही याच कॉलेजची. पण बाई, तारीख लागू द्या. मी येणार. सगळ्यांसमोर सांगणार, माझ्या माणसाला धरलं होतं, आणि तुम्ही सोडवलंत. तुमचे उपकार मी तिथे उभी राहून फेडीन.