चार नंबरच्या टेबलावरची प्लेट

मयूरा सांगलीहून मेलबर्नला आली ती कुकरीच्या कोर्ससाठी. पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर बरोबरच्यांनी किचन सोडलं, ती मात्र टिकली. आता चाळिशीला टेकली होती, शहराबाहेरच्या टार्निट उपनगरात घर झालं होतं आणि केटरिंगच्या नोकरीत इतक्या वर्षांत तिच्या हातून ॲलर्जीवाल्यांची एकही प्लेट चुकली नव्हती. याचा तिला जरा तोराही होता.

त्या गुरुवारी संध्याकाळी एका म्युझियममध्ये खास जेवण होतं. क्युरेटर फ्रान्समधलं एकेक मध्ययुगीन चित्र समजावून सांगणार आणि मग त्याच प्रांतातला पदार्थ वाढला जाणार. दालनामागच्या बोळात तात्पुरतं किचन मांडलेलं. ब्रिटनी प्रांताचे कुट्टूचे घावन संपले. पुढे पेरिगोरचं सॅलड, अक्रोडाच्या तेलातलं. चार नंबरच्या टेबलावरच्या हेलन नावाच्या बाईंना अक्रोड चालत नव्हता. त्यांची प्लेट मयूराने स्वतः वेगळी लावली, ऑलिव्हचं तेल घालून.

नंतर ती ऑलिव्हची बाटली आवरताना बोटावर ओघळलेला थेंब तिने सवयीने चाटला.

अक्रोड!

दोन्ही बाटल्या दुपारी तिनेच भरल्या होत्या, लेबलंही तिनेच चिकटवली होती, उलटसुलट.

"शंतनू, चारची प्लेट गेली?"

"केव्हाच! का गं?" तिच्याबरोबरचा कुक म्हणाला.

ती पळत सुटली. दालनात मंद उजेड, ऐंशी माणसं चिडीचूप. भिंतीवरच्या चित्रात सैतान माणसांना कढईत लोटत होते आणि क्युरेटर त्याबद्दलच बोलत होती. मयूराला ओरडायचं होतं. टेबलाशी पोचली तेव्हा कुठे आवाज फुटला.

"स्टॉप! प्लीज, खाऊ नका!"

हेलनबाईंनी मान वर केली. ओठ सुजू लागले होते. एक हात गळ्याशी गेला.

"पेन! पेन कुठंय?" मयूराने विचारलं.

नवऱ्याने पर्स उलटी केली. ॲलर्जीवरच्या इंजेक्शनचं पेन हाती आलं, पण त्याच्याने टोपण निघेना. मयूराने ते ओढून घेतलं. ट्रेनिंगमध्ये घोकलेलं आठवलं: निळं आभाळाकडे, केशरी मांडीकडे. तिने टोपण उपटलं, केशरी टोक मांडीवर दाबलं आणि मोजलं. एक, दोन, तीन. बाईंना जमिनीवर आडवं केलं. त्यांच्या श्वासाची शीळ ऐकत ती गुडघ्यांवर बसून राहिली. ॲम्ब्युलन्स यायला नऊ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बाईंचा श्वास दोनदा अडल्यासारखा वाटला आणि दोन्ही वेळा मयूराचाही थांबला.

"आत्ताच काही बोलू नकोस," शंतनू कानाशी कुजबुजला. "आधी मॅनेजरला येऊ दे."

पण पॅरामेडिकने विचारताच तिने सांगून टाकलं, "अक्रोडाचं तेल. दोन-तीन घास गेले असतील. चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी हेलनबाईंच्या नवऱ्याचा फोन आला. "ती घरी आलीय," तो म्हणाला. "मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. पण तुम्ही पळत आलात, हेही विसरणार नाही."

फोन ठेवल्यावर मयूरा ओट्याला धरून कितीतरी वेळ रडली.

कंपनीने तीन आठवडे तिला घरी बसवलं, चौकशी केली, लेखी ताकीद दिली आणि परत बोलावलं. पहिल्या दिवशी ती पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिली. हात स्टिअरिंगवरून निघेनात. वीस मिनिटांनी शंतनूच बाहेर आला, दार उघडून उभा राहिला.

"भीती वाटतेय रे," ती म्हणाली.

"मलापण," तो म्हणाला. "चल."