चीक कुणाचा?

मी बी.एस्सी. झाले ते नव्वदीचे दिवस. घरातली पहिलीच पदवी, त्यामुळे धरमतरच्या खाडीकाठच्या आमच्या गावात कुणाला ताप आला तरी मला विचारत. माझा विषय वनस्पतिशास्त्र होता, हे सांगून मी थकले. रोह्याला दिलेली माझी ताई बाळंतपणाला माहेरी आली आणि आठवा लागता लागताच पेणच्या दवाखान्यात बाळंत झाली, तेव्हा आईसोबत अर्थातच माझी रवानगी झाली.

मुलगा ओंजळीत मावेल एवढा. बल्ब लावलेल्या काचेच्या पेटीत निजवलेला. आई म्हणाली, "कोंबडीच्या पिलासारखा ठेवलाय गो!" त्याला चोखायची ताकद नव्हती, म्हणून तोंडातून पोटात बारीक नळी घातली होती. डॉक्टर म्हणाले, "आईचं दूध पिळून काढा. नळीतून थोडं थोडं देऊ. पचलं तर इथंच वाढेल, नाहीतर मुंबईला न्यावं लागेल."

ताईने तासभर खटपट केली, तेव्हा वाटीचा तळ जेमतेम झाकला. दूध दाट, पिवळं. मी सिस्टरना बोलावून येते, तर आई वाटी घेऊन मोरीकडे निघालेली.

"आये, काय करतेस?"

"पिवलं हाय, सांडते. पोराला बाधंल. पांढरं आलं की देऊ."

मी वाट अडवली. पदवीचं चीज करायची हीच वेळ, असं वाटून प्रथिने, पोषणद्रव्ये, रोगप्रतिकारशक्ती, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? आता हो बाजूला."

मागे उभ्या असलेल्या सिस्टर जवळच्याच गडब गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी विचारलं, "आजी, घरी गाय हाय?"

"हाय की."

"ती व्याली की चिकाचं काय करता?"

"खरवस!" आईचा चेहरा खुलला. "गूळ, वेलची घालून. शेजारी वाटी नाय धाडली तर वरीसभर बोलतात."

"म्हणजे गायीच्या चिकाच्या वड्या, आणि लेकीचा चीक मोरीत?"

आईने वाटी उजेडाकडे धरून पाहिली. "ह्यो चीक हाय व्हय?" मग माझ्यावर उखडली, "येवढी शिकलीस, येवढा एक शब्द नाय आला तुला?"

नव्हता आला खरा. मला शिकवणाऱ्यांत मी त्या सिस्टरनाही धरते, ते त्या दिवसापासून.

सिस्टरनी चीक बिनसुईच्या सिरिंजमधून नळीत हळूहळू सोडला. पुढच्या वेळी नळीतून ओढून पाहिलं, तर पोट रिकामं. पचला होता! आई त्यानंतर वाटीवर पदर धरून बसायची, आणि वॉर्डात नवी बाळंतीण आली की तिच्या सासूला गाठायची, "तुमची गाय हाय का वो?"

मुंबईला न्यावं लागलं नाही. बाळ नळीवरून चोचीच्या बोंडल्यावर आलं, बोंडल्यावरून अंगावर, आणि मग रोह्याला आपल्या घरी गेलं.

पुढे आमची गाय व्याली. मी पातेलं घेऊन गोठ्यात गेले, तर आई दारात आडवी.

"आधी वासराला पिऊ दे पोटभर. त्याला आजवर कोनी विचारलं?"

वासरू सावकाश, भरपूर प्यायलं. उरल्याचा वाटीभर खरवस झाला, तो आईने ताईला धाडला. मी बी.एस्सी. असून पातेलं खरवडत बसले.