टंकलेखकाची रिकामी जागा

आस्थापना विभागातल्या ताईंना भीती काही नवी नव्हती. बाई मुळातच भित्री. सही करण्याआधी कागद तीनदा वाचणार, रस्ता ओलांडताना चारदा मान वळवणार. विद्यापीठातली एकतीस वर्षं त्यांनी अशीच, जीव मुठीत धरून काढली. आता निवृत्तीला आठ महिने उरले होते.

आणि नेमकी यंदाच सरकारने अनुदानाला कात्री लावली. कुलसचिवांचं फर्मान निघालं: पगाराचा खर्च दहा टक्के कमी करा, कुणाला वगळायचं ती यादी गुरुवारी टेबलावर हवी. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा, या विचाराने ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांना युक्ती सुचली. माणसं कशाला काढायची? न भरलेल्या जागांचा पगारही अंदाजपत्रकात धरलेला असतोच की! त्या जागाच रद्द करायच्या. ज्या खुर्चीत कुणी बसतच नाही, ती उचलली तर रडणार कोण? जागांचं रजिस्टर उघडून त्यांनी त्रेचाळीस रिकाम्या जागांची यादी केली आणि सही ठोकली. कुलसचिव साहेब खूश. "ताई, सुटलो बुवा तुमच्यामुळे!"

शुक्रवारी सकाळी रसायनशास्त्राच्या व्हरांड्यात काचवाले मामा भेटले. प्रयोगशाळेतली फुटकी उपकरणं ज्योतीवर धरून जोडणारा अख्ख्या विद्यापीठात हा एकच माणूस.

"ताई, पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला! आता चार वर्षं मला मरायलाही सवड नाही बघा."

ताई हसल्या, आणि हसता हसता काळजात धस्स झालं. मामांची जागा! चौदा वर्षांपूर्वी काचकामाची जागा बंद झाली, तेव्हा ताईंनीच त्यांचा पगार भूगोल विभागातल्या टंकलेखकाच्या जागेवर टाकला होता. तात्पुरता म्हणून टाकला आणि तसाच राहून गेला. रजिस्टरात ती जागा रिकामी, पगारपत्रकात तिच्यावर मामा. यादीत तिचा क्रमांक एकोणीस.

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, एकोणीस नंबरची जागा रिकामी नाहीये. तिच्यावर काचवाले मामा आहेत."

"माहीत आहे," साहेब मान वर न करता म्हणाले. "पगारपत्रक मीही बघतो. पण यादी तुमची, सही तुमची. आणि त्यांना तिथे घुसवलं कुणी? चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, ताई. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही."

ताई जिना उतरून आपल्या टेबलाशी आल्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला; त्याचं औषधपाणी आज त्यांच्या पगारावर, उद्या पेन्शनवर. गप्प बसायचं, झालं! यादी कुणी केली हे मामांना कोण सांगणार आहे? असं त्यांनी स्वतःला दहा वेळा बजावलं, आणि दहाही वेळा मामांची नर्सिंगला निघालेली पोर आठवली.

या कचेरीत बोललेलं हवेत विरतं. फाईलमधल्या टिपणीच्या पानावर मात्र क्रमांक असतो. ते पान काढता येत नाही, आणि त्यावर जे लिहिलंय त्याला लेखी उत्तर दिल्याशिवाय आदेशावर सही करता येत नाही. जागा रद्द करायच्या आदेशाची फाईल अजून ताईंच्याच टेबलावर होती. तीन वाजता शिपाई ती सहीला नेणार होता.

पावणेतीनला त्यांनी पेन उघडलं. 'क्रमांक १९ ची जागा रिकामी नाही. तिच्यावर काच-कारागीर चौदा वर्षं काम करत आहेत. ही सोय मी केली. चूक माझी आहे, त्यांची नाही.' 'माझी' हा शब्द त्यांनी पुन्हा ठळक गिरवला. खाली सही, तारीख. पान सत्तावीस.

शिपाई फाईल घेऊन निघाला, तेव्हा धावत जाऊन ती हिसकावून घ्यावीशी वाटली. अहो, एका पानाचा तर प्रश्न होता! पण त्या उठल्या नाहीत. आता मामांना काढायचं तर साहेबांना स्वतःच्या हाताने कारण लिहावं लागणार होतं.

पाव तासात शिपाई परत आला. "ताई, वर बोलावलंय. साहेब जाम भडकलेत."

ताईंनी खणाची किल्ली काढून शेजारच्या कारकुनापुढे ठेवली. "परत या टेबलावर बसू देतील की नाही, देव जाणे," एवढंच म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.