उजव्या हाताची तार

"तू टेबलावर झोप," मोठे डॉक्टर मला म्हणाले. "बाकीच्या सिस्टर यंत्राजवळ या."

आम्ही सहा जणी होतो. सहाही कामावरच्या नर्स. कुणी पाच वर्षं, कुणी दहा वर्षं वॉर्डात काढलेली. परळच्या आमच्या इस्पितळात हृदयरोग्यांसाठी वेगळा वॉर्ड निघणार होता, आणि त्यासाठी निवडलेल्या नर्सना आधी खास शिक्षण द्यायचं ठरलं होतं. सकाळची ड्यूटी संपवून दुपारी वर्ग. कार्डिओग्राम कसा काढायचा, कागदावरची रेघ कशी वाचायची, कुठली रेघ दिसली की धावत जाऊन डॉक्टरांना बोलवायचं. निवडीच्या परीक्षेत माझा नंबर पहिला आला होता. आणि पहिल्याच दिवशी मला आडवं केलं.

मला वाटलं, आज मी, उद्या दुसरी. दुसऱ्या दिवशीही मीच. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन यंत्राजवळ जाऊन उभी राहिले. डॉक्टर वर न बघताच म्हणाले, "ती अजून झोपली नाही का?"

इतर पाच जणी चांगल्या घरातल्या. पोलक्याची बटणं काढून, चादर ओढून त्यांना परक्या पुरुषासमोर झोपा असं कोण सांगणार? मला सांगता येत होतं. मी करी रोडच्या चाळीतली. आई गिरणीत रिळं भरायची. जातीनं महार. आम्ही नुकताच धर्म बदलला होता, पण इस्पितळात ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. तोंडानं कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

मनगटांवर आणि घोट्यांवर थंडगार मलम. त्यावर धातूच्या चकत्या, रबरी पट्ट्यांनी आवळलेल्या. मग छातीवर. डॉक्टर माझ्या बरगड्या मोजून दाखवायचे, चौथी, पाचवी, आणि पाच जणी लिहून घ्यायच्या. मी छताकडे बघत राहायची. लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा संताप जास्त. पण कान तर कुणी बांधले नव्हते. मी शब्द न् शब्द ऐकायची आणि घरी जाऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून काढायची.

यंत्रातून माझ्या हृदयाच्या रेघांची पट्टी निघायची. डॉक्टर ती कापून पाचही जणींना वाटायचे. "निरोगी हृदय असं दिसतं. चिकटवून ठेवा." माझ्या वहीत काहीच नव्हतं.

त्या रविवारी आई मला दादरच्या सभेला घेऊन गेली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, म्हणून सगळं गिरणगाव तिथे लोटलं होतं. व्यासपीठावर आमचे मोठे डॉक्टर. मराठी माणसानं आता जातपात विसरून एक व्हायला हवं, असं ते कळकळीनं बोलत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हे सांगायची आजही मला लाज वाटते. परतताना आईनं विचारलं, हेच का गं तुमचे डॉक्टर? काय काय शिकवलं त्यांनी? मग मी टेबलाचं सगळं सांगितलं. ती चालता चालता थांबली. मग म्हणाली, "सहा दिस झालं. शिकाया गेलीस का निजाया?"



सातव्या दिवशी तारा बांधायची पाळी कुमुदताईची होती. ती गिरगावची. आठ वर्षं आम्ही एकाच वॉर्डात काम केलेलं, पण तिनं कधी माझ्या हातचा चहा घेतला नव्हता. चार तारा असतात. कुठली कुठल्या हाताची, कुठल्या पायाची, ते प्रत्येकीवर लिहिलेलं असतं. रोग्याच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, तारेवरचं वाचायचं, मग बांधायचं, ही रीत डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. पण तिथे उभं राहून तिच्या पदराचा मला स्पर्श झाला असता. म्हणून ती पायथ्याशी उभी राहिली आणि तिथूनच वाकून, बोटांत कापसाचे बोळे धरून, तिनं पट्टे बांधले. तिच्या उजव्या बाजूला माझा डावा हात होता. तिनं उजव्याची तार डाव्याला बांधली आणि डाव्याची उजव्याला.

मला वाटलं, डॉक्टर बघतील. त्यांनी बघितलं नाही. यंत्र सुरू झालं, हातापायांच्या आणि छातीवरच्या रेघांची पट्टी बाहेर आली, आणि त्यांनी ती माझ्या डोक्यावर उजेडाकडे धरली. पहिलीच रेघ उलटी होती. जी टोकं वर जायची ती सगळी खाली.

ते पाच जणींकडे वळून उत्साहानं सांगू लागले की हे फार दुर्मीळ आहे, या बाईचं हृदय उजवीकडे आहे. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. असं हृदय घेऊन या वॉर्डातलं धावपळीचं काम कसं झेपणार? मेट्रनला सांगून हिचं नाव काढायला हवं. आणि मग हसून म्हणाले, "यांच्यात सगळंच उलटं."

पाचही जणी हसल्या.

दोन मिनिटांत माझी आठ वर्षं, पहिला नंबर, नवा वॉर्ड, सगळं जाणार होतं. आणि ते का जाणार, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आईचा प्रश्न डोक्यात घणघणत होता. मी उठून बसले. तारांसकट.

"सर, तारा उलट्या बांधल्यात."

ते म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?"

मी डावा हात वर केला. "उजव्या हाताची तार इथे आहे. वाचून बघा. हृदय उजवीकडे असतं तर छातीवरच्या रेघाही बदलल्या असत्या. त्या रोजच्यासारख्याच आहेत. हे तुम्हीच चौथ्या दिवशी शिकवलंत. आणि यांच्या वह्यांत निरोगी म्हणून ज्या रेघा चिकटवल्यात, त्या माझ्या आहेत."

एकीनं वही उघडली आणि परत मिटली. डॉक्टरांनी तार वाचली. त्यांचे कान लाल झाले. मला परत आडवं व्हायला आणि कुमुदताईला तारा नीट बांधायला त्यांनी सांगितलं. रेघ पुन्हा सुलटी आली. चुकीबद्दल तिला ते एक अक्षर बोलले नाहीत. मला म्हणाले, "ठीक आहे. झोपून राहा. पुढचं बघू."

मी एकेक पट्टा सोडला. मलम पुसलं, पोलक्याची बटणं लावली आणि खाली उतरले. "आता पाळीपाळीनं सगळ्या झोपतील," मी म्हणाले. "तारा मी बांधते."

वर्ग तिथेच संपला. संध्याकाळी मेट्रननं बोलावून घेतलं. उर्मटपणाबद्दल लेखी माफी दे, नाहीतर शिक्षण बंद, असा निरोप होता. तिनं कागद पुढे केला. बाई वाईट नव्हती. दोन ओळी लिही आणि मोकळी हो, असं हळूच म्हणालीसुद्धा.

मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. दोन्ही बाजू भरून लिहिलं. कोण कुठे उभं राहिलं आणि का, कुठली तार कुठे बांधली गेली, डॉक्टर काय म्हणाले आणि कोण कोण हसलं. शेवटी लिहिलं:

"ज्या नर्सला रोग्याला शिवायचा विटाळ होतो, तिनं काढलेल्या रेघेवरून कुणा रोग्याचं औषध ठरू नये. मी उद्याही वर्गात येणार आहे. टेबलावर झोपणार नाही. मला काढायचं असेल तर कारण लिहून द्या. ते मी दादरच्या सभेत, डॉक्टरसाहेब व्यासपीठावर असतानाच, वाचून दाखवीन."

सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट. कागद मेट्रनच्या हातात दिला आणि पोचपावती मागितली.