सांडग्यांच्या सात ओळी

ज्याने आयुष्यात कधी ब्रश हातात धरला नाही, त्याने चित्रकारावर लिहावं का, हा प्रश्न मी महिनाभर स्वतःला विचारतो आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील सरकारी खात्यात स्टाफ कारचे ड्रायव्हर, आई चौथी शिकलेली. घरात आजवर लिहिलं गेलं ते किराणाच्या याद्या आणि गावाकडची पत्रं, एवढंच. त्यामुळे दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. आता लिहितो आहे ते आईने सांगितलं म्हणून. चित्रकलेतल्या जाणकारांना माझ्या लिहिण्यात चुका सापडतील, त्या त्यांनी पोटात घालाव्यात.

बरसातीतल्या काकांइतका सगळ्यांना ठाऊक असलेला आणि एकालाही न कळलेला माणूस अख्ख्या पहाडगंजात दुसरा नव्हता, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकतो. आम्ही बीजींच्या घरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. बीजी म्हणजे आमच्या पंजाबी घरमालकीण. आमच्या डोक्यावर गच्ची, आणि गच्चीवर दिल्लीत असते तशी एकुलती एक खोली, म्हणजे बरसाती. तिच्यात काका राहत. लग्न केलेलं नव्हतं. मूळचे कोकणातले, पण कोकण सोडून इतकी वर्षं झाली होती की मासळीसुद्धा ते पंजाबी मसाल्यात करत. दिवसा सरकारी कचेरीत नकाशे काढण्याची नोकरी, आणि संध्याकाळपासून चित्रं. त्या चित्रांत माणूस नसे, झाड नसे, घर नसे. बीजी पाहुण्यांना सांगत, "ऊपर वाले बाबूजी बहुत बड़े आर्टिस्ट हैं. बस, अभी तक कुछ बना नहीं है."

काकांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे 'छान' हा शब्द. चित्र बघून कुणी "छान आहे" म्हटलं की त्यांचा चेहरा चहात माशी पडल्यासारखा होई. "काय छान आहे? कुठे छान आहे? बोट ठेवून दाखव," असं म्हणत ते समोरच्याला भिंतीपर्यंत नेत. त्यामुळे शिकलेसवरलेले लोक वर जायला घाबरत. उलट आमचा दूधवाला एकदा चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो मेरी भूरी भैंस की पीठ है, जब वो पानी से निकलती है." काका इतके खूश झाले की त्यांनी त्याला बसवून चहा पाजला, आणि त्या दिवशी सबंध गल्लीला दूध तासभर उशिरा मिळालं.

माझ्यावर त्यांचा लोभ जडला तोही असाच. कॉलेजात प्रवेश घेतला त्या आठवड्यात आईने मला पेढे देऊन वर पाठवलं. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि एका मोठ्या करड्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "काय वाटतं?" मी घाबरून खरं तेच बोललो. "काका, मला यातलं काहीच कळलं नाही."

"शाब्बास!" ते ओरडले. "बसा कॉलेजवाले. आता आपलं बोलणं होऊ शकतं."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'कॉलेजवाले' झालो. खरं तर त्या दिवसांत कॉलेजातही मला काहीच कळत नव्हतं. तास इंग्रजीत होत, मी शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर मान हलवत असे, आणि रात्री वाटे की वडिलांना सांगून टाकावं, हे माझ्याच्याने होणार नाही. काकांना ते कसं कळलं कोण जाणे. एक दिवस रंग कालवता कालवता माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मला बोललास ना, कळलं नाही म्हणून? तेच तिकडे उभं राहून बोल. जीभ तीच आहे." दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो. सर चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं, आणि तास संपल्यावर तिघे जण माझ्याजवळ येऊन म्हणाले, "यार, अच्छा किया, हमें भी समझ नहीं आया था." मी आज शेवटच्या वर्षापर्यंत पोचलो आहे तो त्या एका वाक्याच्या जोरावर.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे सरळ रेघेचं वैर. कचेरीत ते नाल्या आणि पुलांचे नकाशे काढत, आणि त्यांच्या रेघेसारखी रेघ त्या खात्यात कुणाची नव्हती असं वडील सांगत. पण घरी आल्यावर सरळ रेघ वर्ज्य. "दिवसभर सरकारच्या रेघा ओढतो, संध्याकाळी तरी सुटका नको?" खोलीत खाट तिरकी, कपड्यांची दोरी ढिली, आणि भिंतीवरचं कॅलेंडर मुद्दाम वाकडं टांगलेलं. माझ्या वडिलांना गाडीच्या आरशापासून सगळं सरळ लागतं. ते वर गेले की बोलता बोलता हळूच कॅलेंडर सरळ करत, आणि ते जिना उतरायच्या आत काका ते पुन्हा वाकडं करत. दोघांनी या विषयावर एक शब्दही कधी काढला नाही. हे वर्षानुवर्षं चाललं होतं, दर जानेवारीला नव्या कॅलेंडरसह.

भाजी ते खाण्यासाठी आणत की बघण्यासाठी, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. बाजारातून एखादं जांभळं वांगं आणायचं, खिडकीत ठेवायचं आणि चार दिवस त्याच्याकडे बघत बसायचं. पाचव्या दिवशी आई वर जाऊन विचारी, "भावोजी, वांगं बघून झालं असेल तर नेऊ का?" मग ते वांगं आमच्याकडे शिजे आणि वाटीभर भाजी वर जाई. काका ती खाताना म्हणत, "वहिनी, रंग गेला हो याचा." आई म्हणे, "चव आली की नाही?" यावर ते वाटी पुसून खात.

आईला त्यांच्या चित्रांतलं काही कळत नसे आणि ती तसं सरळ सांगे, म्हणून दोघांचं चांगलं जमे. काकांना आईच्या हातचे सांडगे फार आवडत. दर उन्हाळ्यात त्यांना एक डबा ठरलेला.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझा हात अडतो. काका एका मोठ्या वार्षिक प्रदर्शनासाठी दर वर्षी एक चित्र पाठवत आणि दर वर्षी ते परत येई. परत आलं की ते चित्र भिंतीकडे तोंड करून उभं करत आणि म्हणत, "शिक्षा दिली आहे त्याला." माझं पहिलं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात मात्र ते थट्टा करत नव्हते. त्या हिवाळ्यात ते निवृत्त होणार होते आणि बरसाती सोडून फरीदाबादला भाचीकडे राहायला जाणार होते. तिथे चित्रांना जागा नव्हती. "यंदाचं हे शेवटचं," ते आईसमोरच म्हणाले होते. "प्रदर्शनात लागलं तर लागलं. नाहीतर मी आपला नकाशेवाला म्हणूनच जाईन." चार महिने ते त्या एका चित्रावर खपत होते. पिवळ्याचे थरावर थर, आणि मध्ये राखाडी. सोमवारी ते नेऊन द्यायचं होतं.

शुक्रवारी आईने डाळ भिजत घातली आणि काकांना विचारलं, उद्या गच्चीवर वाळवण घालू का? काका म्हणाले, "घाला की वहिनी. मी खाट मोकळी करून ठेवतो." आणि विसरले. शनिवारी त्यांना कचेरीत जादा काम होतं. चित्र अजून ओलं होतं, आणि मे महिन्यात दिल्लीत धुळीची आंधी कधी उठेल याचा नेम नसतो. म्हणून जाण्यापूर्वी त्यांनी चित्र वाळायला गच्चीवरच्या खाटेवर उताणं ठेवलं, चारी बाजूंना लाकडी पट्ट्या लावल्या, आणि त्यांवर आपलं धुतलेलं धोतर चांगलं ताणून बांधलं, रंगापासून दोन बोटं वर. धूळही बसणार नाही, हवाही लागेल.

आई वर गेली. बघते तो खाट मोकळी केलेली आणि तिच्यावर स्वच्छ पांढरं धोतर, कसं पापडासारखं ताणलेलं. आईला भरून आलं. खाली येऊन मला म्हणाली, "बघ, पुरुषमाणूस असून किती नीट जागा केली आहे." आणि तिने सांडगे घातले. सात ओळी, एका अंतराने, अगदी सरळ.

दुपारपर्यंत ओल्या पिठाच्या वजनाने धोतर खाली बसलं होतं. संध्याकाळी काका आले, आणि गच्चीवरून त्यांची हाक आली ती माझ्या नावाने. कॉलेजवाले नाही, नावाने. मी आणि आई धावत वर गेलो. त्यांनी धोतर एका कोपऱ्याकडून हळूहळू सोलून काढलं. पिवळ्या रंगात धोतराची वीण उमटली होती, आणि तिच्यावर सांडग्यांचे गोल गोल खड्डे, एकाखाली एक सात ओळी.

आई तिथेच खाली बसली. "भावोजी, मला वाटलं तुम्ही माझ्यासाठीच..." तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं आता काका ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चित्राभोवती फिरले, वाकले, पुन्हा उभे राहिले. अंधारून यायला लागलं तेव्हा त्यांनी पाचव्या ओळीवर बोट नेलं आणि विचारलं, "वहिनी, इथे एक जागा मोकळी का सोडलीत?"

आई डोळे पुसत म्हणाली, "तिथला एक मोठा झाला होता. उचलून परत पिठात टाकला."

"अच्छा," काका म्हणाले, आणि चित्र उचलून आत घेऊन गेले.

सोमवार आला आणि गेला. मी विचारलं तर म्हणाले, "यंदा नाही." एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. आईशी ते पूर्वीसारखेच वागत, उलट जरा जास्तच गोड. पण आईला ते गोड वागणंच लागायचं. हिवाळ्यात टेम्पोत सामान भरलं तेव्हा बाकीची चित्रं त्यांनी आम्हाला उचलू दिली. ते एक मात्र चादरीत गुंडाळून स्वतः मांडीवर घेऊन बसले. वडील वर जाऊन रिकामी खोली बघून आले. भिंतीवर कॅलेंडर राहिलं होतं. त्यांनी ते सरळ केलं नाही.

त्यानंतर आईने सांडगे घातले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी एकदा विचारलं, "यंदाही नाहीत का?" आई म्हणाली, "नाहीत." एका माणसाची आयुष्यभराची मेहनत आपण पिठाखाली घातली, ही गोष्ट तिच्या मनातून जाईना. मी तिला खूप समजावलं. पण मीही त्या चित्राचं काय झालं हे जाणत नव्हतो, मग समजावणार कशाच्या आधारावर? पुढे आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं, पहाडगंज सुटलं, आणि फरीदाबाद तिथल्या तिथे असूनही आमच्यातल्या कुणाचा पाय तिकडे वळला नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.

मागच्या महिन्यात मी सहज बीजींना भेटायला गेलो. त्यांनी बटणांच्या डब्यातून एक पत्र काढून दिलं. "तुम्हारी ज़बान में है, बेटा. सर्दियों से रखा है." पत्र काकांचं होतं, पण अक्षर त्यांच्या भाचीचं. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं होतं, आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं, म्हणून ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मी घरी येऊन आईला ते वाचून दाखवलं. जे आहे ते इथे देतो.

"वहिनींना नमस्कार. चित्र प्रदर्शनात लागलं. तुमच्या सात ओळींनी मला वर्षभर कामाला लावलं. घरी सरळ रेघ नको म्हणत मी इतकी वर्षं काढली, आणि ती तुम्ही पिठाने घालून गेलात. तिला कुठे हात लावावा हेच आधी कळेना. मग कळलं की भोवतीचं बदलायला हवं. नजर जाण्याआधी तेवढं झालं. मी आजवर एकाही चित्राला नाव दिलं नव्हतं, या वेळी फॉर्मवर 'वहिनींच्या ओळी' असं लिहिलं आहे, राग मानू नका. प्रदर्शन संपल्यावर भोपाळच्या एका सरकारी कचेरीने ते विकत घेतलं. कुठल्या मजल्यावर लावलं आहे ते कळलं नाही. आमच्या ड्रायव्हरसाहेबांना सांगा, कुणीतरी तिरकं टांगलं असणार, जाऊन सरळ करा. कॉलेजवाल्यांना विचारा, अजून उभे राहतात की नाही. इथे गच्ची मोठी आहे. पाचव्या ओळीतली मोकळी जागा तशीच ठेवली आहे, वहिनी. तिथे ब्रश लावायची माझी हिंमत झाली नाही."

आईने पत्र माझ्या हातातून घेतलं, आणि ती शेवटची ओळ अक्षर लावत लावत स्वतः पुन्हा वाचली. मग तिने विचारलं, फरीदाबादची बस कुठून सुटते, आणि उठून डाळ भिजत घातली.